भिंतीकडची ओळ

२ जुलै

आज आठवा दिवस. सिदोनी अजून परत आलेली नाही आणि मी तिला बोलवायला जाणार नाही. हे इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या मन बदललं तर स्वतःच्याच शब्दाची लाज वाटेल.

ही वही तिची आहे. बागेची वही म्हणतो आम्ही. पाऊस कधी पडला, हिव कधी पडलं, काय कधी लावलं, असलं सगळं ती एकोणीस वर्षं हिच्यात लिहीत आली. तिची पानं मी वाचत नाही. वही उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात केली आहे. माणसाला कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि या गावात ज्याच्याशी बोलायला जावं तो आधी विचारतो, "सिदोनी काय म्हणते?" वही तसं विचारत नाही.

झालं ते नीट लिहितो. संत योहानाच्या सणाला आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. अंगणात टेबलं मांडली होती, सिदोनीने सशाचा रस्सा केला होता. मी ग्लास हातात घेऊन उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की सासऱ्यांच्या शेतातलं जुनं लव्हेंडर मी मार्चमध्ये उपटून टाकलं आणि तिथे संकरित रोपं लावली. सिदोनी तेव्हा बहिणीच्या आजारपणात फोर्काल्कियेला होती. आल्यावर तिला चकित करायचं होतं. मी म्हणालो, ती इतकी खूश झाली की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिदोनीने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं, एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आत जाऊन टोपी घातली आणि संध्याकाळच्या बसने बहिणीकडे निघून गेली. रस्सा मला वाढावा लागला.

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत मी तिचं कौतुक केलं ते त्या दिवशी. त्याचं हे फळ.

आता कुणीही सांगावं, माझं चुकलं कुठे? सासऱ्यांचं लव्हेंडर म्हणजे बारीक लव्हेंडर. बुटकं, राखाडी, एका काडीला एकच तुरा. संकरित झाड दुप्पट मोठं होतं, काडीला तीन-तीन तुरे येतात, तेलही कितीतरी जास्त निघतं. वास जरा कापरासारखा येतो, हे मान्य. साबण करणाऱ्यांना तो चालतो. मी गवंडी माणूस, पण गेल्या शरदात काम सोडल्यापासून हात रिकामे होते आणि मी ते तिच्या कामाला लावले. मार्चपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मीठ दे. दार लाव. कोंबड्या आत घे. मला वाटलं, वय झालं.

५ जुलै

कॉफीचं भांडं हातावर सांडलं. पंजाभर कातडी लाल झाली. सिदोनीची तेलाची छोटी बाटली कपाटात होती, परसातल्या लव्हेंडरची. भाजलं, कापलं, गांधीलमाशी चावली की आमच्या घरात तेच लागतं. तळाशी होतं तेवढं सगळं ओतलं. आग थांबली. मग स्वयंपाकघरभर तिचा वास सुटला आणि मी भांडं अंगणात भिरकावलं.

शेजारीण युर्सुल भिंतीवरून बघत होती. ही बाई सत्तरीची आहे, विधवा आहे, आणि तिला दुसरं काम नाही. सूप घेऊन आली.

"काय रे सिप्रियाँ, भांड्यांशी भांडतोस?"

"युर्सुलबाई, मी सूप मागितलं नव्हतं."

"मागितलं नव्हतंस म्हणून तर आणलं. मागितलं असतंस तर नसतं आणलं."

सूप चांगलं होतं. तिला तसं सांगितलं नाही.

११ जुलै

तीन दिवस उत्तरेचा वारा. दारं आपटतात, कौलं वाजतात, डोकं ठणकतं. परसातलं लव्हेंडर उमललं आहे. सहा ओळी आहेत, सगळ्या सासऱ्यांच्या बियांच्या. सहावी भिंतीला लागून. भिंत मी बांधलेली, पलीकडे युर्सुल. मधमाश्यांचा आवाज पहाटेपासून सुरू होतो, खिडकी उघडता येत नाही. हे कुणी कापायचं? दरवर्षी ती कापते. पाहुण्यांच्या पोरीबाळी ओल्या काड्यांभोवती रिबिनी विणत बसतात, चादरींच्या कपाटात त्या ठेवतात, बाकीचं तेलासाठी जातं. मी त्यात कधी पडलो नाही.

१४ जुलै

राष्ट्रीय सण. चौकात गेलो. ज्याच्या ट्रॅक्टरने शेत उपटलं तो गास्तों तिथे होता, बडीशेपेची दारू पीत.

"काय मग, बायको अजून खूशच आहे का?" सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं त्याने.

मी म्हणालो, "तुझी बायको गेल्या वीस वर्षांत एकदा तरी खूश झाली असती तर तुला विचारायचा हक्क होता."

लोक हसले. गास्तोंही हसला. मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, सिप्रियाँ. सिदोनीला ठाऊक आहे ना, असं. तू म्हणालास, ठाऊक आहे." मी अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी आलो. सण बिघडवायचं या माणसाला बरोबर जमतं.

१९ जुलै

सिदोनीचं पत्र आलं. पत्र कसलं, फर्मान. जसंच्या तसं उतरवतो.

"सिप्रियाँ, सोळा ऑगस्टला सकाळच्या बसने येईन आणि माझ्या चादरी घेऊन दुपारच्या बसने परत जाईन. परसातलं लव्हेंडर कापलंस तर तेल काढून ठेव. भिंतीकडच्या ओळीला हात लावू नकोस. सिदोनी."

माझ्या चादरी. लग्नात आणलेल्या चोवीस चादरी, त्यांवर तिच्या आईने विणलेली अक्षरं. बाईमाणूस चादरी न्यायला येतं म्हणजे ते परत यायचं नाही, हे मला कळतं. मी इतका दगड नाही.

पण त्या भिंतीकडच्या ओळीने मात्र माझं टाळकं सटकलं. का हात लावू नको? मी सांगतो का. भिंतीपलीकडे कोण राहतं? युर्सुल. दर वर्षी चर्चच्या बाजारात लव्हेंडरच्या पिशव्या कोण विकतं? युर्सुल. म्हणजे आम्हा दोघांत बोलणं बंद असताना माझ्या परसातली ओळ शेजारणीला देऊन टाकली आहे, आणि मला कुणी साधं विचारलंही नाही. आपल्या घरातलं आपल्याला न विचारता परस्पर देऊन टाकायचं, ही कुठली रीत?

बघतोच.

२१ जुलै

विळा घेऊन पहाटे लागलो. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून. पहिल्या ओळीतली अकरा झाडं कापून ढीग घातला. युर्सुल भिंतीवर हजर.

"अरे, दव आहे अजून. ओलं कापतोस? आतून तापेल, काळं पडेल ते. दुपारी कापायचं, टळटळीत उन्हात. आणि काडीखाली हिरवं ठेव थोडं."

"युर्सुलबाई, मी चाळीस वर्षं घरं बांधली आहेत."

"हो ना. हे घर नाही."

दुपारी ढिगात हात घातला. आतून कोंबड्याच्या अंगासारखा गरम. संध्याकाळी काळा पडला. कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन टाकला. युर्सुल दिसली नाही, पण तिच्या खिडकीमागचा पडदा हलला.

२९ जुलै

आठ दिवस पाठ धरलेली आहे. वाकून वाकून कंबर धरली ती सुटेचना. अंथरुणात पडून छताच्या तुळया मोजल्या. युर्सुल रोज येऊन जेवण ठेवते. आज मी तिला स्पष्टच विचारलं.

"ती भिंतीकडची ओळ तुम्हाला हवी आहे ना?"

"मला? मला कशाला?"

"मग तिला का हात लावायचा नाही?"

ती माझ्याकडे वळली. "सिदोनीने तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"तू विचारलंस?"

मी तुळयांकडे बघितलं. ती ताट उचलून म्हणाली, "मग मी मध्ये पडत नाही. तुमचं तुम्ही बघा. पण तिने सांगितलंय तेवढं ऐक, बाबा. एकदा तरी."

दोघींनी ठरवून केलं आहे, यात आता मला शंका नाही.

६ ऑगस्ट

झालं. सगळं झालं. आज मंगळवार, युर्सुल बानों गावच्या बाजाराला गेली होती, डोक्यावर बसून शिकवायला कुणी नव्हतं. ऊन मरणाचं होतं. कंबरेला पट्टा आवळला आणि दुपारभर कापलं. आणि गवंड्यासारखं कापलं. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, एक वीत उंची धरली आणि त्या रेषेत एकेक ओळ सफाचट. झाडं गोल वाढलेली असतात, त्यामुळे कडेला जरा खाली जावं लागलं, जाड काड्या होत्या त्या सरळ करवतीने घेतल्या. परस आता असा दिसतो की पातळी लावून बघावी.

भिंतीकडची ओळ मी सगळ्यांत शेवटी घेतली आणि सगळ्यांत खाली घेतली. मला त्यात आनंद झाला, हे लिहायला मी लाजत नाही. तिचे तुरे बाकीच्यांपेक्षा जुने वाटले, अर्धे तपकिरी झालेले, मधमाश्याही तिथे नव्हत्या. पण काड्या लांब. त्या वेगळ्या बांधून माळ्यावर चादरीवर पसरल्या. नाही, तिच्या चादरींपैकी नाही. माझी जुनी.

संध्याकाळी युर्सुल आली, भिंतीपाशी उभी राहिली. तोंडावर हात ठेवला. मग छातीवर क्रूस केला आणि आत गेली. शेवटी एकदाचं तिला काही सुचलं नाही.

९ ऑगस्ट

बातिस्तेंकाकाच्या भट्टीवर माझा नंबर आज होता. म्हातारा ऐंशीचा आहे. सासऱ्यांबरोबर लूर डोंगरावर बी वेचायला जायचा. झऱ्यापाशी त्याची तांब्याची भट्टी आहे, गावातलं घरगुती लव्हेंडर सगळं तिथेच उकळतं.

पहिल्या पाच ओळी घातल्या. आग धरली, वाफ निघाली, नळीतून पाणी आणि पाण्यावर ते पिवळसर तेल. मी वाकून वास घेतला. वास काय, मला एकदम आमच्या लग्नाच्या रात्रीची चादर आठवली, आणि माझा राग कुठे गेला ते मला दोन मिनिटं सापडेना. काकाने बाटलीत तेल भरून बूच लावलं. म्हणाला, "तेल सासऱ्याच्या वेळेसारखं निघालंय. आता दुसरा भारा दे."

मी भिंतीकडचा भारा पुढे केला. आवडीने केला. त्याने एक काडी काढली, खालचं टोक अंगठ्याने चाचपलं, दुसरी काढली, तिसरी. मग तुरा तळहातावर चोळला.

"हे कुठून आणलंस?"

"भिंतीकडची ओळ. नीट कापली आहे, काका. दोरी लावून."

"दोरी लावून." त्याने काडी माझ्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"काडी."

"लाकूड आहे, गाढवा. लाकूड. हिरव्याच्या वर कापायचं असतं. लाकडातून हे झाड परत फुटत नाही. सगळ्या ओळी अशा कापल्यास?"

"सगळ्या."

तो उकिडवा बसला होता तो उठून उभा राहिला. त्याला उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मला कळलं की काहीतरी फार वाईट झालं आहे.

"लग्नाला किती वर्षं झाली तुझ्या?"

"चाळीस."

"चाळीस वर्षं ती भिंतीकडची ओळ दर उन्हाळ्यात उभीच राहते, वाळून तपकिरी होईपर्यंत. कधी दिसली नाही तुला?"

"मला वाटलं, तिचं कापायचं राहून जातं."

"राहून जातं." आता तो ओरडायला लागला. झऱ्यावर कपडे धुणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. "ते बी आहे. ती बियाची ओळ आहे. तुझं ते ढब्बं लव्हेंडर बी धरत नाही, खेचराला कधी पिल्लू झालंय? ते काडी तोडून लावायचं. हे बियांतून येतं. तुझा सासरा आणि मी गुडघे सोलून ते बी डोंगरावरून आणलं. मार्चमध्ये तू त्याचं शेत मारलंस. सिदोनी माझ्याकडे आली होती, इथे बसून म्हणाली, काका, परसात अजून आहे, मी पुन्हा उभं करते. आणि आता तू परसही मारलास. दोरी लावून."

मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

हा प्रश्न मला या पंधरवड्यात दुसऱ्यांदा आला. भारा त्याने भट्टीत घातला नाही. माझ्या हातात परत कोंबला आणि म्हणाला, "चल, चालता हो." मी बाटली आणि भारा घेऊन गावातून घरी आलो. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

१० ऑगस्ट

आज वही सरळ बाजूने उघडली. तिची पानं वाचली. वाचणार नाही म्हणालो होतो. माझ्या शब्दाची किंमत किती ते आता सर्वांना माहीत आहेच.

१२ मार्च: "परत आले. बाबांचं शेत नाही."

बस, एवढंच. खाली कोंबड्या, थंडी, बदामाला फूल. रोज काहीतरी. माझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही. मी पानं उलटत होतो आणि शिवी शोधत होतो. शिवी असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२ मे: "परसातल्या सहाव्या ओळीचं बी यंदा सगळं ठेवायचं. ऑक्टोबरात वरच्या शेताच्या वरच्या पट्टीत पेरायचं. कापणीला यायला तीन वर्षं. पट्टीला पावसाने माती वाहून जाते, तिथे बांध हवा. तो सिप्रियाँकडून घालून घ्यायचा. भिंती त्याच्याच हातच्या चांगल्या."

ही शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

म्हणजे मे महिन्यात ती मला त्यात धरत होती. शेत मारल्यावरही. आणि जूनमध्ये मी बारा माणसांपुढे ग्लास उंचावून सांगितलं की ती खूश आहे. मी तिच्या बापाचं शेत उपटलं आणि वर तिच्या तोंडात आनंद कोंबला. माझा मलाच असा राग आला की बाहेर जाऊन संकरित लव्हेंडरची उरलेली चार रोपं, वाफ्यात होती ती, उपटून फेकली. त्याने काय होणार होतं? काही नाही. ती रोपं बिचारी काही बोलली नव्हती.

११ ऑगस्ट

युर्सुलकडे गेलो. स्वतः गेलो, भिंतीवरून नाही, दारातून.

"युर्सुलबाई, बी कसं काढतात?"

ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "किती दिवस उशिरा कापलंस ते?"

"पाठ धरली होती म्हणून पंधरा-सोळा दिवस."

"मग देवाला नाही, तुझ्या कंबरेला मेणबत्ती लाव. तुऱ्यात खालच्या फुलांत थोडं पिकलं असेल. चोळ हाताने, घाई करू नकोस. मग फुंकर मार. आणि सिप्रियाँ, वाऱ्यात नको."

माळ्यावर बसलो. तुरा तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हाताने हळू चोळायचं, भुसा फुंकायचा. उरतं ते बी काळं, चकचकीत, तिळापेक्षा बारीक. पहिल्या पन्नास तुऱ्यांत सहा दाणे निघाले. बरेचसे पांढरे, पोचट. माझ्या बोटांना चुन्याने भेगा पडलेल्या आहेत, बी त्या भेगांत जाऊन बसतं. सुईने काढलं.

१४ ऑगस्ट

चौथा दिवस. पीठ चाळायची चाळणी घेतली, तिने जलद होतं. तुरे संपत आले. सगळं मिळून मोहरीच्या बरणीचा तळ झाकला, त्याहून थोडं वर. डोळे जळतात. दिवसभर एकच वास. मी एवढं बारीक काम आयुष्यात केलेलं नाही, आणि ज्याच्यामुळे ते करावं लागलं त्याला चांगला फटकावावा असं दिवसभर वाटत राहिलं. तो मीच आहे, त्यामुळे तसाच बसलो.

परसात जाऊन खोडं बघितली. दोरीत आहेत सगळी. दोरी अजून तशीच ताणलेली होती. सोडली.

उद्या मरियेचा सण, बस नाही. परवा.

१६ ऑगस्ट

सकाळी नऊला आली. तीच टोपी. हातात रिकामी पिशवी. मी दारात उभा होतो, स्वच्छ शर्ट घालून. ती म्हणाली, "चादरी," आणि आत गेली. कपाटातून एकेक काढून मोठ्या कापडात बांधल्या. मी टेबलावर तेलाची बाटली ठेवली होती. तिने बूच काढून वास घेतला, डोळे मिटले, बूच लावलं, पिशवीत ठेवली. मग स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने परसात गेली. मी तिला थांबवलं नाही. थांबवून काय उपयोग होता?

ती खोडांसमोर उभी राहिली. सहा ओळी बघितल्या. भिंतीकडे जाऊन खाली बसली आणि एका खोडाची साल नखाने खरवडली. मग दुसऱ्याची. अशी ओळीने सगळी. कुठे हिरवं दिसलं की नाही ते मला दिसत नव्हतं आणि तिने सांगितलं नाही.

मी बरणी पुढे केली. म्हणालो, "एवढंच निघालं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. मार्चमध्येही नाही आणि आताही नाही. तू खूश नव्हतीस."

तिने झाकण उघडलं. बी तळहातावर ओतलं. अंगठ्याच्या नखाने पोचट बाजूला सारायला लागली.

"हे पोचट आहे," म्हणाली. "हे पोचट आहे. हेही. आणि झाकण लावून ठेवलंस? बंद बरणीत? ओलं बी? बुरशी येईल, एवढंही कळत नाही?"

आणि मग फुटलं. मार्चपासूनचं सगळं. ती इतकी मोठ्याने ओरडली की युर्सुलच्या कोंबड्या भिंतीपासून पळाल्या. बापाचं शेत, बापाचे गुडघे, गास्तोंचा ट्रॅक्टर, बारा माणसं, माझा ग्लास. मी तिला विचारून लग्नाचा दिवससुद्धा ठरवला नव्हता, हे चाळीस वर्षांपूर्वीचं. अंगणातलं अक्रोडाचं झाड मी तोडलं ते. मोठ्या मुलीचं नाव मी परस्पर नोंदवून आलो ते. मला आठवतही नव्हतं, तिला वर्षासकट आठवत होतं. ओरडता ओरडता तिने आत येऊन चादरींचं गाठोडं सोडलं, वरची चादर खसकन ओढली, अंगणातल्या टेबलावर सावलीत पसरली आणि बी त्यावर पातळ पसरवून ठेवलं, एकेक दाणा वेगळा. तोंड चालूच होतं. मी खुर्ची आणून दिली, तर त्यावरूनही बोलली.

मी उभा होतो. मार्चपासून तिने मला मीठ, दार आणि कोंबड्या एवढंच दिलं होतं. आता मी चाळीस वर्षांचं सगळं ऐकत होतो, आणि एक-एक शब्द मला लागत होता.

बारा वाजता कारंज्यापाशी बसचा भोंगा वाजला. दोनदा वाजला. ड्रायव्हरला ठाऊक होतं ती यायची आहे, त्याने तिसऱ्यांदाही वाजवला. सिदोनी तेव्हा परसाच्या भिंतीपर्यंत आली होती, जी एका ओल्या वर्षी मी पाडून दोनदा बांधली आणि त्यात तिचा वाफा बुजला. ती थांबली नाही. बस गेली. तिचं बोलून झालं नव्हतं.

भिंतीपलीकडून युर्सुल म्हणाली, "सिदोनी, सूप आहे गं. दमल्यावर सांग."

"दमले नाही मी," सिदोनी म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

पुढची बस सोमवारी आहे.